शंभर मालक व्हायच्या आधी: प्लॉटिंगचा नकाशा तपासतात म्हणजे नक्की काय करतात

शहराच्या कडेला एखादं मोठं रान असतं, वर्षानुवर्षं नुसतं गवत, आणि मग एक दिवस तिथे चुन्याच्या रेघा दिसतात, कोपऱ्याकोपऱ्यात दगड पुरलेले दिसतात आणि प्लॉट विकणे आहे असा बोर्ड लागतो. बघणाऱ्याला वाटतं जमीन होती, तुकडे पाडले, विकायला काढले, यात तपासण्यासारखं काय असणार, मोजणीवाला आला, टेप लावली, झालं. मी काही वर्षं मंजुरीआधी असले नकाशे तपासायला टेबलावर पसरून बसायचं काम केलंय आणि मला दर दोन दिवसांनी कोणी ना कोणी विचारायचंच की साहेब एवढ्या साध्या नकाशाला इतके दिवस का लागतात. तर ते का लागतात (आणि कधी कधी उगाचच लागतात, ते पण मान्य) हे एकदा सविस्तर लिहावं म्हटलं.

मुख्य गोष्ट एकच आहे. आज त्या जमिनीला एक मालक आहे. रस्ता दोन मीटर डावीकडे घ्या म्हटलं तर तो कुरकुर करेल पण रबराने रेघ पुसून नवी काढता येते, खर्च फक्त कागदाचा. एकदा प्लॉट विकले की तिथे शंभर मालक होतात, मग तोच रस्ता दोन मीटर सरकवायचा तर पंधरा जणांची कंपाउंड पाडावी लागतात, त्यातले चार कोर्टात जातात, दोघे परदेशात असतात, एकाच्या वाटण्या झालेल्या नसतात. म्हणजे पाणी कुठून येणार, कुठे जाणार, आगीचा बंब आत शिरणार का, हे प्रश्न विचारायला समोर एक माणूस असतो तो काळ फार छोटा असतो आणि नकाशाची तपासणी म्हणजे तेवढाच काळ.

रेघा किती चिवट असतात बघा. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनचा नकाशा 1811 साली तीन जणांच्या कमिशनने आखला, सगळं चौकोन चौकोन, 155 आडवे रस्ते, दोन रस्त्यांमध्ये साधारण 200 फुटांची पट्टी, त्यात पाठीला पाठ लावून 25 बाय 100 चे प्लॉट बसवले गेले. मागच्या बाजूला गल्लीबोळ काही ठेवला नाही. तेव्हाची घरं कधीच पडली, त्यावर दुसरी झाली, ती पाडून तिसरी झाली, पण मागे गल्ली नसल्यामुळे तिथला कचरा आजही पुढच्या फुटपाथवर काढून ठेवावा लागतो. दोनशे वर्षांपूर्वी एक रेघ मारली नाही म्हणून. घर पाडता येतं पण हद्द पाडता येत नाही असं आमच्यात म्हणायचे ते याच्यासाठी.

आता आपण एक खोटी जमीन घेऊ, म्हणजे आकडे कळतील. 4 हेक्टर, म्हणजे दहा एकराच्या जवळपास, 40 हजार स्क्वेअर मीटर. समजा त्यातली 25 टक्के रस्त्यात गेली, 10 टक्के ओपन स्पेसला आणि 5 टक्के पाण्याची टाकी, विजेची डीपी, असल्या सुविधांना. उरली 24 हजार. 200 चा एक प्लॉट धरला तर 120 प्लॉट. डेव्हलपर फाइलमध्ये लिहितो 120 घरं, घरटी 5 माणसं, एकूण 600. इथेच पहिली मारामारी. कारण नियमात तीन मजले बांधायला परवानगी असेल तर आज एक मजला बांधणारा उद्या भाडेकरू ठेवायला वर चढवणारच, मग प्रत्येक मजल्यावर एक कुटुंब धरलं की 1,800 माणसं होतात. पाईप कुठल्या आकड्यावर टाकायचा, 600 की 1,800? माझं मत विचाराल तर नियमात जेवढं बसतं तेवढं सगळं बांधलं जाणार असं धरूनच चालावं, कारण जमिनीखालचा पाईप नंतर मोठा करणं म्हणजे सगळा रस्ता फोडणं.

भारतात भूमिगत गटार असलेल्या शहरांसाठी माणशी रोज 135 लिटर पाणी धरायचा सरकारी प्रघात आहे. त्या हिशोबाने 600 माणसांना 81 हजार लिटर आणि 1,800 माणसांना 2 लाख 43 हजार लिटर. यातलं साधारण 80 टक्के पाणी वापरून घाण होऊन परत बाहेर येतं. म्हणजे पाणी देणाऱ्याने एक आकडा बघायचा, ड्रेनेजवाल्याने दुसरा, आणि दोघांनी एकच लोकसंख्या धरलीय ना हे तिसऱ्याने बघायचं, हसू नका, एकाच फाइलमध्ये पाण्यासाठी 1,800 आणि ड्रेनेजसाठी 600 माणसं मी बघितलीयेत, जणू बाकीचे 1,200 नुसतं पाणी पीत होते.

पण सगळ्यात जास्त वेळ ज्याच्यावर जायला हवा आणि सगळ्यात कमी जातो ते म्हणजे पावसाचं पाणी. नकाशा हातात आला की मी आधी प्लॉट बघायचोच नाही, कॉन्टूर बघायचो, म्हणजे जमिनीच्या उंचीच्या त्या वाकड्यातिकड्या रेषा. पाणी कुठून येतंय आणि कुठल्या कोपऱ्यातून बाहेर पडतंय. रानात पाऊस पडला की बरंचसं मुरतं, गवतात अडतं, खड्ड्यात साचतं, उरलेलं हळूहळू वाहत जातं. त्याच जमिनीवर स्लॅब, फरशी, डांबर आलं की मुरायला जागा नाही आणि अडायलाही काही नाही. हे मोजायला एक जुनं आणि अगदी साधं सूत्र आहे, आयर्लंडमध्ये मुल्वेनीने 1851 मध्ये त्याची कल्पना मांडली होती आणि अमेरिकेत कुइचलिंग नावाच्या इंजिनिअरने 1889 मध्ये गटारांसाठी ते वापरात आणलं: पावसाचा जोर, गुणिले क्षेत्र, गुणिले वाहून जाणारा वाटा. तासाला 60 मिलिमीटरचा पाऊस आपल्या 4 हेक्टरवर पडला, रान असताना समजा पाचवा हिस्सा वाहतो, तर सेकंदाला 133 लिटर बाहेर पडतात. प्लॉटिंग होऊन घरं उभी राहिली की 70 टक्के वाहतं असं धरू, मग सेकंदाला 467 लिटर. साडेतीन पट. पाऊस तोच आहे, ढग काही वाढले नाहीत, जमीन बदलली.

आणि हे पाणी आपल्या लेआउटमध्ये थांबत नाही, इथेच तर गोम आहे. ते खालच्या अंगाच्या वस्तीत जातं, जिथला नाला 133 लिटर बघून बांधलेला असतो. वरच्या प्लॉटवाल्याला कधी कळतच नाही की आपल्यामुळे खाली कोणाच्या घरात पाणी शिरलं, त्याच्या दारात तर स्वच्छ कोरडं. म्हणून बऱ्याच शहरांत आता नियम असा असतो की आधी जेवढं वाहत होतं तेवढंच बाहेर सोडायचं, वरचं जास्तीचं आपल्या हद्दीत अडवून धरायचं आणि पाऊस ओसरला की हळूहळू सोडायचं. एक तासाच्या त्या पावसात फरक किती, तर सेकंदाला 334 लिटर गुणिले 3,600 सेकंद, म्हणजे 12 लाख लिटर. ऐकायला भयानक वाटतं पण 40 मीटर लांब, 20 मीटर रुंद, दीड मीटर खोल खड्डा केला की बसलं सगळं. चार प्लॉटची जागा. 120 पैकी 4. आता डेव्हलपर ती चार प्लॉटची जागा का द्यायला तयार नसतो हे मला सांगायला लागू नये, आणि मग काय होतं तर ओपन स्पेस म्हणून दाखवलेली जागाच पाण्याचा खड्डा म्हणूनही दाखवतात. तसं ते चुकीचं नाही बरं का, उथळ आणि नीट उताराचं मैदान केलं तर वर्षभर पोरं खेळतात आणि चार तास पाणी साचतं, छान चालतं. पण एकच तुकडा मैदान, झाडं, पाण्याची टाकी, डीपी आणि खड्डा अशा पाच जागी मोजलेला असेल तर मात्र हरकत घ्यायची.

ओपन स्पेसचं आणखी एक. सगळे प्लॉट मस्त चौकोनी पाडून झाल्यावर जो त्रिकोणी, हायटेन्शन लाइनखालचा, नाल्याकाठचा तुकडा कोणी विकत घेणार नाही तोच नेमका मुलांच्या खेळासाठी राखीव असतो. टक्केवारी बरोबर भरते. म्हणून टक्केवारी बघून टिकमार्क करू नये, आकार बघावा, रस्ता लागतो का बघावा.

मैलापाण्याचं गणित वेगळं, कारण तिथे उतार हाच राजा. पाईपमधलं पाणी सेकंदाला निदान 0.6 मीटर वेगाने दिवसातून एकदा तरी धावलं पाहिजे, नाहीतर गाळ खाली बसतो आणि हळूहळू पाईप चोंदतो. तेवढा वेग यायला उतार लागतो, आणि उतार लागतो म्हणजे पाईप जसजसा पुढे जातो तसतसा खोल जातो. दीडशेला एक असा उतार धरला तर 300 मीटरच्या लाइनमध्ये पाईप 2 मीटर खाली जातो, सुरुवातच दीड मीटर खोलीवरून केली असेल तर शेवटी साडेतीन मीटर. आता शहराचं जे मुख्य चेंबर बाहेर रस्त्यावर आहे त्याचा तळ तीन मीटरवरच असेल तर? पाणी काय अर्धा मीटर उडी मारून वर चढणार नाही. म्हणून ड्रेनेजच्या बाबतीत पहिला प्रश्न पाईप केवढा हा नसतोच, बाहेरच्या चेंबरच्या तळाची लेव्हल काय हा असतो, आणि ती लेव्हल कागदावरून कॉपी केलेली नको, कोणीतरी झाकण उघडून मोजलेली हवी. लेव्हल जमत नसेल तर पंप बसवावा लागतो आणि पंप म्हणजे वीज, जनरेटर, माणूस, दुरुस्ती, हे सगळं कायमचं, आणि त्याचं बिल कोण भरणार हे त्याच दिवशी कागदावर नसेल तर पुढे कधीच येत नाही.

गंमत अशी की पाईप मोठा टाकला तरी एक त्रास असतो. पहिली पाचसात वर्षं 120 पैकी दहाच घरं झालेली असतात, तेवढ्याशा पाण्याने मोठ्या पाईपात वेगच येत नाही आणि मग नवीन कोरी लाइन तुंबते. यावर फार हुशार उपाय नाही, उतार जरा सढळ ठेवायचा आणि सुरुवातीला अधूनमधून लाइन धुवायची, बस.

पिण्याच्या पाण्याचं तुलनेनं सोपं कारण ते प्रेशरने चालतं, चढ-उतार तो बघून घेतो. दोन गोष्टी मात्र बघतात. एक म्हणजे लाइन टोकाला बंद आहे की गोल फिरून परत जोडलीय. बंद टोकाला पाणी पडून राहतं, त्यातलं क्लोरीन उतरत जातं, आणि मध्ये कुठे पाईप फुटला तर पुढचे सगळे कोरडे. गोल जोडली की दोन्ही बाजूंनी पाणी येतं. दुसरी गोष्ट आग. आपल्या 1,800 माणसांचं 2 लाख 43 हजार लिटर दिवसभरावर वाटलं तर सरासरी मिनिटाला 170 लिटरसुद्धा होत नाही, सकाळच्या गर्दीला अडीच-तीन पट धरा. अमेरिकेत एक-दोन कुटुंबांच्या साध्या घरांसाठीसुद्धा आग विझवायला मिनिटाला साधारण 3,800 लिटर मिळायला हवं असं धरतात. म्हणजे जिथे बंबाचं पाणी याच लाइनवरून घ्यायचं ठरलेलं असतं तिथे पाईपचा आकार रोजचं पिणं-आंघोळ ठरवत नाही, कदाचित कधीच न लागणारी ती आग ठरवते.

बंबावरून रस्ते. रस्त्याची रुंदी सगळे बघतात, वळण कोणी बघत नाही. बंब लांब असतो, त्याला काटकोनात वळता येत नाही म्हणून कोपऱ्यावरचे प्लॉट थोडे तिरके छाटावे लागतात. बार्सिलोनाचा 1859 चा, सेर्दा नावाच्या इंजिनिअरचा प्लॅन बघा, प्रत्येक चौकाचे चारी कोपरे छाटलेले, ब्लॉक अष्टकोनी दिसतात, आणि त्या काळात मोटारगाडी नव्हतीसुद्धा. रस्ता पुढे बंद होत असेल तर टोकाला फिरायला जागा हवी, अमेरिकेच्या फायर कोडमध्ये 150 फुटांच्या वर बंद रस्ता गेला की अशी जागा सक्तीची आहे, कारण आग लागलेल्या गल्लीतून बंब रिव्हर्सने काढणं हे काम कोणाला देऊ नये.

पण मला विचाराल तर रस्त्यांमधली खरी भानगड हद्दीवर असते. शेजारची जमीन आज रिकामी आहे, उद्या तिथेही प्लॉटिंग होणार, म्हणून आपले एकदोन रस्ते थेट हद्दीपर्यंत नेऊन सोडायचे म्हणजे पुढे ते जोडले जातील. असं केलं नाही तर प्रत्येक लेआउट म्हणजे एक पिशवी, तोंड एकच, आणि सगळ्या पिशव्या एकाच मेन रोडवर रिकाम्या होतात. अमेरिकेतल्या मोजणीत एका स्वतंत्र घराच्या दिवसाला नऊ-दहा फेऱ्या होतात, आपल्याकडची 120 घरं धरली तर अकराशे-बाराशे, सगळ्या एका तोंडातून. आता हे टाळायला रस्ता हद्दीपर्यंत नेला तरी हुशार डेव्हलपर काय करतो, रस्ता संपतो तिथे हद्दीच्या अलीकडे फूटभर रुंदीची एक पट्टी स्वतःच्या नावावर ठेवतो. नकाशात ती जाड रेघेसारखी दिसते, लक्षातच येत नाही. वीस वर्षांनी शेजारचा रस्ता जोडायला आला की हा पट्टीचा मालक हजर, द्या पैसे. म्हणून भिंग घेऊन बघायचं, रस्त्याची हद्द आणि जमिनीची हद्द एकच रेघ आहे ना. आणि जोडायचा रस्ता असेल तर तिथे पहिल्या दिवसापासून बोर्ड लावून घ्यायचा की हा रस्ता पुढे वाढणार आहे, नाहीतर टोकाचा प्लॉट घेणारा शांत गल्ली म्हणून जास्त पैसे मोजतो आणि जोडायची वेळ आली की मोर्चा काढतो, आणि त्याचं तरी काय चुकलं, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

खर्च कोणी करायचा हा वादाचा विषय. आतले रस्ते, आतले पाईप डेव्हलपरचे, यावर फारसं भांडण होत नाही. भांडण बाहेरच्यावर. शहराची टाकी आधीच भरत नाही, त्यात आपले 1,800 नवीन, मग नवीन टाकीचा सगळा खर्च याच्याकडून घ्यायचा? तो म्हणणार आधीच्या वस्त्यांनी एक पैसा दिला नाही, मीच का. यावर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा 1994 चा एक निकाल समजायला चांगला आहे. टायगार्ड शहरात प्लंबिंगच्या सामानाचं दुकान मोठं करायचं होतं, शहर म्हणालं ओढ्याकाठची पूरपट्टी द्या आणि सायकल मार्गाला जागा द्या मग परवानगी. कोर्टाने काय म्हटलं तर मागणी आणि त्या बांधकामाने होणारा परिणाम यांचा संबंध हवा आणि मापही साधारण जुळायला हवं, आणि ते जुळतं हे दाखवायची जबाबदारी शहराची. म्हणजे तुझ्यामुळे ताण दहा टक्के वाढतो तर दहा टक्के दे, पूर्ण टाकी नको. तो तिथला कायदा आहे, दुसरीकडे वेगळा असू शकतो, पण हिशोब म्हणून मला पटतो. अडचण अशी की दहा टक्के दाखवायला आधी शहराकडे स्वतःच्या टाकीचा, पाईपचा, नाल्याचा नीट हिशोब हवा, आणि तो पुष्कळदा नसतो.

याच हिशोबातून निसटायची एक जुनी युक्ती आहे. नियम असतो की अमुक क्षेत्राच्या वर लेआउट असेल तर ओपन स्पेस, खड्डा, टाकी वगैरे लागतं. मग 4 हेक्टरची एक फाइल न येता भाऊ, बायको, मेहुणा यांच्या नावाने छोट्या छोट्या पाच फाइली येतात, सहासहा महिन्यांच्या अंतराने. प्रत्येक फाइल एकटी बघितली तर अगदी निर्दोष. पाचही नकाशे शेजारी शेजारी ठेवले तर ओपन स्पेस कुठेच नाही आणि पाच रस्ते एकमेकांना लागतच नाहीत. म्हणून चांगला तपासणारा आलेला नकाशा कधी एकटा बघत नाही, आजूबाजूचे जुने मंजूर नकाशे खाली ठेवून त्यावर हा ठेवतो.

कोणी विचारलंच नाही तर काय होतं त्याचं ढळढळीत उदाहरण फ्लोरिडातलं केप कोरल. 1957 पासून दोन भावांनी तिथे दलदलीत कालवे खणून, निघालेली माती बाजूला टाकून प्लॉट पाडले आणि हप्त्यावर लांब लांबच्या लोकांना विकले. 640 किलोमीटरच्या आसपास नुसते कालवे. प्लॉट भरमसाट, पण शाळा, बाजार, ऑफिस यांना जागा जेमतेम, आणि पाण्याची, ड्रेनेजची लाइन बऱ्याच भागात नाहीच, ज्याने त्याने स्वतःची बोअर मारायची आणि सेप्टिक टँक बांधायचा. पुढे शहराला टप्प्याटप्प्याने रस्ते उकरून लाइन टाकायचं काम काढावं लागलं, ते अनेक दशकं चालू आहे आणि खर्चाचा वाटा प्लॉटमालकांच्या बोकांडी बसतो. विकणारे कधीच निघून गेले.

निघून जाणं हाच धोका असतो म्हणून मंजुरीबरोबर काहीतरी अडकवून ठेवतात. बँक गॅरंटी घेतात किंवा काही प्लॉट शहराकडे गहाण ठेवून घेतात, रस्ते, पाईप, दिवे पूर्ण झाले की सोडतात, नाही झाले तर ते विकून काम करून घ्यायचं. गहाण ठेवलेले प्लॉट चांगले, रस्त्यालगतचे हवेत, नाल्यातले नकोत, हे सांगायला नको. काम झाल्यावरही वर्ष-दोन वर्षं देखभाल त्याचीच ठेवतात, निदान एक पावसाळा तरी जायला हवा, कारण डांबर उन्हाळ्यात सगळ्यांचंच छान दिसतं.

कामाचा क्रम पण महत्त्वाचा. जे सर्वात खोल ते आधी, म्हणजे मैलापाण्याची लाइन, मग पावसाळी गटार, मग पिण्याचं पाणी (मैलापाण्यापासून लांब आणि वरच्या लेव्हलला, बऱ्याच ठिकाणी आडवं अंतर 3 मीटर ठेवतात), मग केबल, आणि सगळ्यात शेवटी डांबर. प्रत्यक्षात डांबर आधी होतं कारण गिऱ्हाईक पाईप बघायला येत नाही, रस्ता बघायला येतं. आणि प्रत्यक्ष टाकलं तसं दाखवणारा नकाशा वेगळा घ्यायचा, कारण मंजूर नकाशात व्हॉल्व्ह जिथे दाखवलेला असतो तिथे साइटवर दगड लागतो आणि मग तो दोन मीटर पलीकडे बसवतात, आणि दहा वर्षांनी पाईप फुटल्यावर पाच माणसं पहारी घेऊन व्हॉल्व्ह शोधत फिरतात.

शेवटची तपासणी मला फार आवडायची कारण तिला कॉम्प्युटर लागत नाही. एका चेंबरचं झाकण उघडून आत टॉर्च लावायची, दुसऱ्या चेंबरमध्ये एक माणूस आरसा धरून बसतो. पाईप सरळ टाकला असेल तर आरशात उजेडाचा पूर्ण गोल दिसतो, पौर्णिमेच्या चंद्रासारखा. मध्ये कुठे खचला असेल तर गोल कापलेला दिसतो, कधी अर्धा, कधी नुसती कोर. कोर दिसली की खणा परत. गोल दिसला की झाकण लावायचं, सही करायची, आणि दुसऱ्या दिवसापासून खरेदीखतं सुरू.